हिंसेची चाहूल आणि नागरी स्वातंत्र्य : तपासाचे अर्थशास्त्र

बंगळुरूच्या जुन्या बाजारपेठेला लागून असलेली चामराजपेट ही वस्ती १८९२ मध्ये रीतसर आखणी करून वसविण्यात आली. काटकोनात छेदणारे रस्ते, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या आणि कन्नड साहित्य परिषदेची वास्तू ही या भागाची ओळख. याच चामराजपेटेतील टी. आर. मिल परिसरातल्या रुद्रभूमीत ६ सप्टेंबर २०१७ रोजी पत्रकार गौरी लंकेश यांचा दफनविधी शासकीय इतमामाने झाला. आदल्या रात्री राजराजेश्वरीनगर येथील राहत्या घराच्या दारातच त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. त्यापूर्वी पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कॉ. गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये ३० ऑगस्ट २०१५ रोजी प्रा. एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्या झाल्या होत्या. चार वर्षांत दोन राज्यांत चार हत्या झाल्यावर सामान्य नागरिकाच्या मनात प्रश्न आला, तो साधा होता: पुढच्या हत्येची चाहूल शासनयंत्रणेला आधी लागू शकली नसती काय?

चामराजपेटेपासून जवळच असलेल्या टाउन हॉलसमोर १९ डिसेंबर २०१९ रोजी याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरुद्ध निदर्शने होणार म्हणून पोलीस आयुक्तांनी १८ डिसेंबर रोजी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली तीन दिवसांची जमावबंदी संपूर्ण शहरात पुकारली. काही कार्यक्रमांना आधी दिलेली परवानगीही मागे घेण्यात आली. टाउन हॉलपाशी फलक घेऊन उभे असलेले इतिहासकार रामचंद्र गुहा यांना वार्ताहरांशी बोलत असतानाच पोलिसांनी ताब्यात घेतले. काही तासांनी त्यांची सुटका झाली.

पहिल्या प्रसंगी हिंसा घडली आणि तिला कोणी रोखू शकले नाही. दुसऱ्या प्रसंगी हिंसेच्या केवळ शक्यतेवरून लाखो नागरिकांच्या एकत्र येण्यावर निर्बंध आला. सुरक्षा हवी की स्वातंत्र्य, असा तराजू मांडून या विषयाची चर्चा नेहमी केली जाते. एका पारड्यात भर घातली की दुसरे वर जाणारच, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखकाला हे गृहीतक चुकीचे वाटते. तपासाचे अधिकार किती आहेत यापेक्षा ते कोणाविरुद्ध, कोणत्या लेखी कारणासाठी वापरले जातात आणि ते कारण नंतर कोण तपासतो, यावर सुरक्षा आणि स्वातंत्र्य दोन्ही अवलंबून असतात.

दोन चुका, दोन प्रकारची किंमत

संशयावर आधारलेल्या कोणत्याही निर्णयात दोन चुका संभवतात. खरा धोका हातून निसटणे ही एक आणि निरपराध व्यक्तीला धोकादायक ठरविणे ही दुसरी. पहिल्या चुकीची किंमत ठळकपणे दिसते. ती वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येते आणि तिच्याबद्दल अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. दुसऱ्या चुकीची किंमत विखुरलेली असते. बंद राहिलेले दुकान, रद्द झालेली सभा, पोलीस ठाण्यात गेलेला दिवस आणि शेजाऱ्यांच्या नजरेत कायमचा बसलेला संशय यांची बेरीज कोठेच मांडली जात नाही. ज्या चुकीचा जाब विचारला जातो ती टाळण्याकडे यंत्रणेचा कल असणार, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून सरसकट निर्बंधाचा आदेश हा अधिकाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित पर्याय ठरतो.

ऑगस्ट २०१२ मधील बंगळुरूचा अनुभव या संदर्भात आठवावा. आसाममधील हिंसाचारानंतर ईशान्येकडील लोकांवर हल्ले होणार अशी अफवा मोबाईल संदेशांतून पसरली आणि सुरक्षा रक्षक, उपाहारगृहांतील कामगार, विद्यार्थी अशा हजारो लोकांनी शहर सोडले. गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. केंद्र शासनाने देशभर पंधरा दिवसांसाठी घाऊक लघुसंदेशांवर बंदी घालून एका वेळच्या संदेशांची संख्या पाचवर आणली. येथे मोठा धोका प्रत्यक्ष हल्ल्यापेक्षा भयाचा होता आणि भय वेगाने पसरत असताना तात्पुरता सरसकट उपाय समजण्यासारखा आहे. मात्र आपल्या घरी 'मी सुखरूप आहे' असे कळवू पाहणाऱ्यालाही त्याच मर्यादेत राहावे लागले, याची नोंद घेणे आवश्यक आहे.

सरसकट संशय अकार्यक्षम का असतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एक कोटी लोकसंख्येच्या शहरात हिंसेचा कट रचणाऱ्या व्यक्ती १०० आहेत असे समजू. संशयितांना वेगळे काढण्याची पद्धत दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे, असेही उदारपणे मानू. ही चाळणी सर्व शहराला लावली तर १०० पैकी ९९ खरे कटकर्ते सापडतील. त्यांच्याबरोबर ९९,९९,९०० निरपराधांपैकी एक टक्का, म्हणजे ९९,९९९ जणही यादीत येतील. सुमारे एक लाख नावांच्या या यादीत हजारामागे जेमतेम एक नाव खरे असेल. कोणतेही पोलीस दल लाख माणसांचा माग काढू शकत नाही.

आता हीच चाळणी एखाद्या ठोस धाग्यावरून, समजा एका शस्त्रावरून किंवा धमकीच्या पत्रावरून, निवडलेल्या १,००० जणांच्या गटाला लावू आणि त्यात दहा जण खरोखर गुंतलेले आहेत असे धरू. सुमारे दहा खरे आणि दहा चुकीचे असे वीस जण यादीत येतील. साधन तेच राहूनही यादीतील प्रत्येक दुसरे नाव बरोबर ठरते. ठोस कारणाशिवाय कोणावर पाळत ठेवू नये, हा नागरी स्वातंत्र्याचा नियम म्हणजे तपासाच्या कार्यक्षमतेचाही नियम आहे.

नागपूरपासून बंगळुरूपर्यंत

हा नियम भारतीय कायद्यात कसा रुजत गेला, याचा मार्ग महाराष्ट्रातूनही जातो. १९५६ मध्ये नागपूरच्या गिरणी कामगारांच्या दोन संघटनांत तीव्र वाद होता आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी कलम १४४ खाली जमावबंदी लागू केली. बाबुलाल पराते यांनी या आदेशाला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये निर्णय दिला आणि निकालपत्र न्या. ज. र. मुधोळकर यांनी लिहिले. शांतताभंग होण्याची वाट न पाहता आधीच उपाय योजण्याचा अधिकार घटनेशी विसंगत नाही, असे न्यायालयाने ठरविले. पुढे मधु लिमये यांना बिहारमधील मुंगेर जिल्ह्यात अटक झाली आणि त्यांच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने १९७० मध्ये कलम १४४ पुन्हा वैध ठरविले. त्याचबरोबर तातडी आणि परिस्थितीचे गांभीर्य हाच या अधिकाराचा पाया आहे, असे बजावले. शांतता राखण्याच्या हमीबाबत तर या निकालाने आणखी एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट केली. माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू न करताच दंडाधिकाऱ्याने एखाद्याकडून अंतरिम बंधपत्र मागणे कायद्याला धरून नाही. अधिकार मान्य झाला, परंतु त्याच्या गळ्यात कारणाची घंटा बांधली गेली.

बंगळुरूच्या जमावबंदीची परीक्षा याच कसोटीवर झाली. कर्नाटक उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती अभय ओक यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने १३ फेब्रुवारी २०२० रोजी तो आदेश बेकायदेशीर ठरविला. निदर्शने व्हावीत की न व्हावीत, हा न्यायालयापुढील प्रश्न नव्हता. आयुक्तांनी उपायुक्तांचे अहवाल आदेशात उतरविले होते, पण त्यांवरून स्वतःचे मत कसे बनले आणि कमी कठोर उपाय का पुरेसा नव्हता, हे नोंदविलेले नव्हते. महिनाभर आधी, १० जानेवारी २०२० रोजी, अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते प्रमाणबद्ध असले पाहिजेत असे सांगितले होते. बंगळुरूच्या निकालाला तो आधार मिळाला. त्याच फेब्रुवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील आंदोलनाला परवानगी नाकारणारा आदेश रद्द केला.

महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाचे कलम म्हणजे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे ३७ वे. सण, निवडणूक, परीक्षा, मोर्चा असे काही ना काही निमित्त होते आणि पंधरवड्याचा प्रतिबंधात्मक आदेश निघतो. तो संपत आला की पुढचा निघतो. बहुतेक आदेशांचा मजकूर तारखा वगळता सारखाच असतो. आपत्कालीन अधिकार असा दिनदर्शिकेवर चालू लागला की खऱ्या आणीबाणीच्या वेळी काढलेल्या आदेशाकडेही लोक त्याच नजरेने पाहतात. (१ जुलै २०२४ पासून कलम १४४ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. दोन महिन्यांची मुदत आणि राज्य शासनाने ती सहा महिन्यांपर्यंत वाढविण्याची तरतूद मात्र कायम आहे.)

आणखी एक गोष्ट. बंगळुरूचा आदेश तीन दिवसांचा होता आणि निकाल आठ आठवड्यांनी लागला. तत्त्व प्रस्थापित झाले, पण ज्यांची सभा हुकली त्यांना ती परत मिळाली नाही.

विशेष कायद्याची चौकट

लंकेश हत्येचा तपास कर्नाटक शासनाने विशेष तपास पथकाकडे सोपविला. हा तपास वरील उदाहरणातील दुसऱ्या चाळणीसारखा होता. न्यायवैद्यक तुलनेत कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच ७.६५ मि.मी. देशी पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्याचे दिसून आले आणि दोन वेगळे वाटणारे गुन्हे एका धाग्यात आले. या तपासातूनच म्हैसूरचे लेखक के. एस. भगवान यांच्या हत्येच्या कथित कटाची माहिती पुढे आली आणि त्या प्रकरणीही अटक झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने नालासोपारा येथे शस्त्रे व स्फोटके जप्त केली. त्या प्रकरणातील अटकेमुळे दाभोलकर हत्येच्या तपासालाही गती मिळाली. संपूर्ण समाजगटावर पाळत ठेवून हे साधले नव्हते. एका शस्त्रापासून एका माणसापर्यंत आणि त्याच्यापासून दुसऱ्यापर्यंत असा तपास पुढे सरकला होता.

या प्रकरणात कर्नाटक संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, २००० लावण्यात आला. त्याचा साचा महाराष्ट्राच्या १९९९ च्या 'मोक्का' कायद्याचा आहे. सामान्य कायद्यात पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. येथे पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब ग्राह्य धरता येतो, आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत वाढविता येते आणि जामिनाच्या अटी कडक आहेत. एवढे अधिकार देताना विधिमंडळाने दोन दरवाजे ठेवले आहेत. उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेशिवाय या कायद्याखाली गुन्ह्याची माहिती नोंदविता येत नाही आणि अपर महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही.

लंकेश प्रकरणात पहिल्याच दरवाजावर वाद झाला. एका आरोपीवर पूर्वीचे गुन्हे नसताना त्याच्याविरुद्ध हा कायदा लावता येणार नाही, असे ठरवून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्याच्यापुरती मान्यता रद्द केली. लंकेश यांच्या भगिनी कविता लंकेश सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने २१ ऑक्टोबर २०२१ रोजी हा निर्णय फिरविला. पूर्वमान्यता ही गुन्ह्याविषयीच्या माहितीला असते आणि कोणाचा सहभाग किती होता हे तपासातून पुढे येते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तपासाच्या सोयीच्या दृष्टीने हा अर्थ बरोबर वाटतो. मात्र त्यामुळे मंजुरीच्या टप्प्यावरील छाननीचे महत्त्व वाढते. पहिले दार रुंद झाले असेल तर दुसऱ्या दारावरील पहारेकऱ्याने प्रत्येक आरोपीपुरते साहित्य वेगळे वाचले पाहिजे.

दूरध्वनीवरील पाळत

हिंसेचा कट उघडकीस आणण्याचे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत गोपनीय साधन म्हणजे संभाषणावरील पाळत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल प्रकरणात गृहसचिवांचा लेखी आदेश, दोन महिन्यांची मुदत, सहा महिन्यांची कमाल मर्यादा आणि पुनर्विलोकन समिती अशा अटी घातल्या. त्यांवर आधारित नियम पुढे तार कायद्याखाली आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार अधिनियम, २०२३ खालील नव्या नियमांनी त्यांची जागा घेतली. तातडीच्या प्रसंगी खालच्या अधिकाऱ्याने काढलेल्या आदेशाला कामकाजाच्या सात दिवसांत सक्षम अधिकाऱ्याची पुष्टी न मिळाल्यास पाळत थांबते, हे त्यातील महत्त्वाचे बंधन. दरम्यान २४ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे लंकेश यांच्या हत्येच्या बारा दिवस आधी, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने घोषित केले. या खटल्यातील याचिकाकर्ते न्या. के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. हा निकाल कागदावरच राहिला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये विनीतकुमार प्रकरणात लाचखोरीच्या तपासासाठी दिलेले पाळतीचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी कोणतीच अट पूर्ण होत नव्हती.

चौकटीत कमकुवत दुवा आहे तो पुनर्विलोकनाचा. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव आणि राज्यात मुख्य सचिव या समितीचे अध्यक्ष असतात. सर्व सदस्य शासनाचेच अधिकारी आणि बैठक दोन महिन्यांतून एकदा. ज्याच्यावर पाळत ठेवली गेली त्याला ती संपल्यावरही कळविले जात नाही, त्यामुळे आदेश चुकीचा होता हे सांगणारे समितीपुढे कोणीच नसते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्यांच्या आदेशाला न्यायिक आयुक्तांची मान्यता लागते आणि आयुक्तांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो. अमेरिकेत न्यायालयांमार्फत दिलेल्या पाळतीच्या आदेशांची आकडेवारी दरवर्षी छापली जाते. व्यक्तीचे नाव किंवा तपासाचा तपशील उघड न करता किती आदेश दिले, किती नाकारले आणि समितीने किती रद्द केले एवढे तीन आकडे प्रसिद्ध केल्याने कोणताही तपास धोक्यात येणार नाही. रद्द केलेल्या आदेशांची संख्या वर्षानुवर्षे शून्य असेल, तर समिती काय करते याचा अंदाज करता येईल.

शब्द की धमकी?

प्रत्येक कठोर शब्द हा धोका नसतो, पण काही शब्द खरोखर पुढच्या कृतीची पूर्वसूचना असतात. त्यांतील भेद करण्याचे काम आधी ठाण्यातील अधिकाऱ्याला करावे लागते. नव्या संहितेच्या कलम १७३(३) मध्ये यासाठी उपयुक्त तरतूद आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करून मगच प्रकरण पुढे न्यायचे की नाही हे ठरविता येते. एका खासदाराने समाजमाध्यमावर प्रसारित केलेल्या कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा नोंदविला गेला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी अशा चौकशीचे महत्त्व अधोरेखित केले. निकाल देणारे न्या. अभय ओकच होते. शब्दांचा परिणाम दुर्बळ मनाच्या व्यक्तीच्या नजरेने न पाहता विवेकी आणि खंबीर व्यक्तीच्या नजरेने पाहावा, ही कसोटी त्यात पुन्हा सांगितली गेली. स्वातंत्र्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी ती मांडली होती. चौदा दिवसांची ही मुदत दोन्ही बाजूंच्या उपयोगाची आहे. निरर्थक तक्रार त्यात गळून पडते आणि ज्याच्या शब्दांमागे शस्त्र किंवा साथीदार आहेत त्याच्याकडे मनुष्यबळ वळविता येते.

विलंबाचा हिशेब

तपास नेमका असला तरी खटला रेंगाळला की दोन्ही बाजूंचे नुकसान होते. दाभोलकर हत्येचा तपास २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली व तिघांना निर्दोष सोडले. हत्येला तोवर पावणेअकरा वर्षे झाली होती आणि सूत्रधारांपर्यंत तपास पोहोचला नाही, ही खंत न्यायालयानेच नोंदविली. लंकेश प्रकरणात १८ जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि साक्षी नोंदविण्यास जुलै २०२२ मध्ये प्रारंभ झाला. डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांहून अधिक काळ कोठडीत असलेल्या एका आरोपीला उच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा आरोपपत्रातील ५२७ साक्षीदारांपैकी ९० जणांचीच साक्ष झाली होती. त्यानंतर इतरांनाही जामीन मिळत गेला आणि जानेवारी २०२५ पर्यंत फरार असलेला एक वगळता उर्वरित १७ जणांना या प्रकरणात जामीन मिळाला.

या जामिनांवर टीका झाली. परंतु जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे आणि दोष सिद्ध होण्यापूर्वी अमर्याद कोठडी ही शिक्षाच होते. विशेष कायद्यातील कडक अटीही दीर्घ कोठडीपुढे शिथिल होतात, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सांगितले होते. विशेष कायदा लावताना शासन मान्यता देणारा अधिकारी नेमते, मंजुरी देणारा अधिकारी नेमते आणि विशेष सरकारी वकीलही नेमते. ५२७ जणांच्या यादीतील कोणते साक्षीदार खरोखर आवश्यक आहेत आणि आठवड्यातून किती दिवस सुनावणी होणार, हे आरोपनिश्चितीच्या दिवशीच ठरवून वेळापत्रकात बांधणे अजून कोणाच्याच कामाचा भाग झालेले नाही.